राखून न ठेवलेला डाव

14 डिसेंबर 2025 च्या रविवारी सकाळी, अमेरिकेत शनिवारची रात्र अद्याप चालू असताना, वॉशिंग्टन शहरातील एका विशाल क्रीडागारात जॉन सीना नावाचा अठ्ठेचाळीस वर्षांचा मल्ल आपल्या आयुष्यातील शेवटची कुस्ती खेळला आणि तीत तो हरला. नुसते हरला म्हणून भागणार नाही; ऑस्ट्रियाच्या गुंथरने पाठीमागून गळ्याभोवती आवळलेल्या पकडीत बराच वेळ धडपडल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर स्मित उमटले, आणि मग त्याने हाताने थाप मारून शरणागती कबूल केली. ज्या मल्लाने ‘हार मानू नका’ हे शब्द वर्षानुवर्षे सदऱ्यावर, टोपीवर आणि हातरुमालावर छापून मिरवले, ज्याच्या त्या शब्दांवर विश्वासून असंख्य मुले लहानाची मोठी झाली, त्याने अखेरच्या रात्री नेमकी हार मानावी, हे तेथील प्रेक्षकांना मुळीच सहन झाले नाही. धिक्काराचा मोठा कल्लोळ उठला, आणि ही कुस्ती भरवणाऱ्या कंपनीचे सूत्रधार समोर आले तेव्हा तो त्यांच्याही वाट्याला आला. माझ्या शेजारी बसलेला माझा बारा वर्षांचा पुतण्या रागाने उठून आतल्या खोलीत निघून गेला. मी मात्र डोळे पुसत बसून राहिलो होतो. सीनाने त्या रात्री आपल्या कलेचे सर्वांत जुने ऋण फेडले असे माझे ठाम मत आहे, आणि ते पुतण्याला समजावून सांगताना जे जे मनात आले, ते थोडे विस्ताराने मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

दूरचित्रवाणीवरील ही व्यावसायिक कुस्ती ज्यांनी कधी मन लावून पाहिली नाही, त्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा सारा मामला आधीच मुक्रर झालेला असतो, मग त्यात पाहायचे काय? आक्षेपाचा पूर्वार्ध निर्विवाद खरा आहे. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या मैदानात अशा कुस्तीला ‘नुरा’ म्हणतात आणि तो शब्द तिरस्कारानेच उच्चारला जातो. कारण तेथे प्रेक्षक खऱ्या झुंजीच्या विश्वासाने आलेला असतो आणि त्या विश्वासाचा घात होतो. अमेरिकेतही एके काळी हे गुपित प्राणापलीकडे जपले जाई. परंतु 1989 साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे व्हिन्स मॅकमॅहन यांच्या कंपनीने, क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून व तिच्याबरोबर येणाऱ्या करांतून सुटका व्हावी या हेतूने, आमचा व्यवसाय ही खरीखुरी क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन आहे अशी कबुलीच देऊन टाकली. तेव्हापासून प्रेक्षकाशी असलेला हा करार उघड आहे. नाटकातील अश्वत्थामा खरोखर भळभळत नाही हे ठाऊक असूनही आपण जसे नाट्यगृहात बसतो, तसाच हा प्रेक्षक येथे बसतो.

मात्र नाटकात आणि यात एक मोठा भेद आहे, आणि वृद्ध मल्लांचा प्रश्न त्या भेदातूनच उपजतो. रिंग दिसायला गादीसारखी दिसते. पण वरच्या कॅन्व्हासखाली पातळसा थर, त्याखाली लाकडी फळ्या आणि फळ्यांखाली पोलादी तुळया, असा तिचा बांधा असतो. तिच्यावर पाठीवर कोसळण्याची एक रीत आहे: हनुवटी छातीशी घ्यायची, हात पसरायचे आणि आघात एकाच मणक्यावर न येता सबंध पाठीवर वाटला जाईल अशा बेताने अंग झोकून द्यायचे. ही रीत कितीही उत्तम साधली तरी आघात माफ होत नाही, फक्त विभागला जातो. शिवाय दुसऱ्याला डोक्यावर उचलून आपटणे हे एकट्या उचलणाऱ्याचे काम नसते. उचलला जाणारा त्याच क्षणी स्वतः उडी घेतो, आपला सारा भार समोरच्याच्या हवाली करतो, आणि खाली येताना आपली मान सलामत राहील याची हमी समोरच्याच्या दंडांनी आणि गुडघ्यांनी द्यायची असते. ज्या क्रियेला आपण झुंज म्हणून पाहतो ती वस्तुतः दोन देहांनी एकमेकांसाठी पत्करलेली जामीनकी असते. विजय कोणाचा हे कचेरीत ठरते. पण तिशीत ज्या गुडघ्यांनी ही जामीनकी निभावली ते पन्नाशीत निभावतील किंवा नाही, याचा निर्णय कोणतीही कचेरी करू शकत नाही.

माझ्या पिढीला हे वय कळायला फार उशीर लागला. नव्वदच्या दशकात केबलच्या तारा गल्लीत आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ किराणा दुकानातल्या दोऱ्यांवर या मल्लांच्या पत्त्यांचे जोड लटकू लागले. प्रत्येक पत्त्यावर छायाचित्र, आणि त्याखाली क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड असे रकाने. उन्हाळ्याच्या सुटीतील दुपारच्या दुपार आम्ही हे आकडे एकमेकांवर फेकून पत्ते जिंकत असू. त्यांत वयाचा रकाना होता असे मला आठवत नाही. अंडरटेकर सात वेळा मेला आणि सात वेळा थडग्यातून उठला, ही वार्ता आमच्या शाळेत निर्विवाद सत्य म्हणून रुजू झाली होती. मग त्याचे गुडघे दुखत असतील, ही शंका कोणाच्या डोक्यात यावी? पुढे इंटरनेट आले, प्रौढपण आले, आणि पत्त्यांवरच्या त्या मंडळींच्या शस्त्रक्रियांच्या, व्यसनांच्या आणि अकाली मृत्यूंच्या वार्ता एकामागून एक येऊ लागल्या. एडी गरेरो 2005 साली गेला तेव्हा तो अवघा अडतीस वर्षांचा होता. त्या दिवशी आमच्या जुन्या जोडातील एक पत्ता मी काढून वहीत ठेवला. तो अजून तेथेच आहे.

या व्यवसायात एक जुना अलिखित शिरस्ता आहे: निघून जाणाऱ्याने पाठ टेकून जावे. आपल्या तालमीत म्हणतात की, वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो पण एक डाव राखून ठेवतो. पठ्ठ्या उद्या उलटला तर तो कामी येतो. खऱ्या झुंजीच्या जगात हे शहाणपण रास्तच आहे. परंतु जेथे विजय बाहूंच्या बळावर मिळत नसून सोपवला जातो, तेथे कीर्ती ही एका मल्लाच्या देहातून दुसऱ्याच्या देहात हस्तांतरित करण्याची चीज होते, आणि जो म्हातारा तो शेवटचा डाव राखून ठेवील, तो आपल्याबरोबर मागच्यांची सारी कमाईही सरणावर घेऊन जाईल.

याचे जे उदाहरण मला सर्वांत हृद्य वाटते ते 29 मार्च 1987 चे आहे. मिशिगनमधील पाँटिअॅकच्या प्रचंड क्रीडागारात त्या दिवशी हल्क हॉगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटले. कंपनीने प्रेक्षकांचा आकडा 93,173 असा जाहीर केला. तो फुगवलेला आहे असे सांगणारे अभ्यासक आहेत, पण ते चित्र मात्र ज्याने पाहिले त्याच्या मनावर कायमचे कोरले गेले. फ्रान्समध्ये जन्मलेला आंद्रे अतिवृद्धीच्या विकाराने राक्षसी आकाराला पोचला होता. त्याचे वजन 520 पौंड, म्हणजे सुमारे 236 किलो, सांगितले जाई. ज्या विकाराने त्याला कीर्ती दिली तोच त्याला आतून पोखरीत होता. आदल्या वर्षी त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्या दिवशी पेहरावाखाली पाठीला आधार देणारा पट्टा बांधून तो रिंगमध्ये उतरला होता. वय अवघे चाळीस. परंतु त्याच्या हालचाली पाहताना आपण एखादा जराजर्जर वृक्ष चालताना पाहत आहो असे वाटते.

आता विचार करा: एवढ्या देहाला त्याच्या इच्छेविरुद्ध उचलणारा मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. हॉगनच्या दंडांची महती मी कमी करीत नाही. पण आंद्रेने संमती दिली नसती, दुखऱ्या पाठीने तो भार हॉगनच्या खांद्यावर सोपवला नसता, तर पुढील दशकभर अमेरिकेतील घराघरांत जो एक महानायक नांदला तो घडलाच नसता. आंद्रे जानेवारी 1993 मध्ये, वडिलांच्या अंत्यविधीसाठी मायदेशी गेला असता, पॅरिसमध्ये झोपेतच वारला. हॉगन गेला तो जुलै 2025 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, आणि त्याच्या निधनाच्या बातमीबरोबर जगभर जे दृश्य पुन्हापुन्हा दाखवले गेले ते तेच होते. मी ते पाहताना हॉगनकडे न पाहता आंद्रेकडे पाहतो.

अंडरटेकरची कहाणी अधिक गुंतागुंतीची, आणि माझ्यासारख्याला अधिक जिव्हारी लागणारी आहे. रेसलमेनिया या वार्षिक महोत्सवात 1991 पासून तो कधी हरला नव्हता. एकवीस विजयांची ती मालिका विजेतेपदाच्या कोणत्याही पट्ट्याहून मोलाची झाली होती. 6 एप्रिल 2014 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरने ती खंडित केली. फलकावर 21-1 हे आकडे झळकले, आणि त्या अफाट समुदायात जी निःशब्दता पसरली ती मी दूरचित्रवाणीवरही ऐकली. पुढे कळले की त्या सामन्यात अंडरटेकरच्या मेंदूला जबर धक्का बसला होता. त्याला रुग्णालयात न्यावे लागले, आणि त्या दिवसाचा बराचसा भाग आपल्याला आठवतच नाही असे त्याने स्वतः सांगितले आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने आपल्या जन्माची कमाई देऊन टाकली, याबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. पण ज्याला ती दिली त्याला तिची गरज नव्हती. लेस्नर त्या आधीच जगज्जेता होता आणि वर्षातून मोजक्याच वेळा हजेरी लावीत होता. ते दान एखाद्या उमलत्या मल्लाच्या ओंजळीत पडले असते तर त्यातून दहा वर्षांचे पीक निघाले असते, आणि ही माझी हळहळ अजून शमलेली नाही.

2017 साली ऑरलँडोमध्ये रोमन रेन्सकडून हरल्यावर अंडरटेकरने हातमोजे, लांब अंगरखा आणि टोपी काढून रिंगच्या मध्यभागी ठेवली आणि तो अंधारात निघून गेला. त्याहून सुंदर समाप्ती कोणी कल्पिली नसती. परंतु नंतर त्या सामन्याची चित्रफीत पाहून तो स्वतःच्या कामगिरीने इतका खिन्न झाला की, अशा रीतीने आपली आठवण मागे राहू नये म्हणून तो परत आला. हे त्याने आपल्यावरील माहितीपटात मोकळेपणाने सांगितले आहे, आणि म्हणून त्याला लोभी म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. उत्तम कारागिराला आपल्या हातची शेवटची वस्तू सदोष राहिल्याचे जे दुःख होते, ते हे दुःख होते. फक्त त्याला न्याय देण्यासाठी लागणारे शरीर आता त्याच्यापाशी नव्हते. 7 जून 2019 रोजी सौदी अरेबियात जेद्दा येथे चोपन्न वर्षांचा अंडरटेकर आणि बावन्न वर्षांचा गोल्डबर्ग समोरासमोर आले. गोल्डबर्गचे मस्तक खांबावर आदळून रक्ताळले, त्याचे भान हरपले, आणि त्या अवस्थेत त्याने अंडरटेकरला उलटे उचलून आपटण्याचा यत्न केला तेव्हा भार पेलवेना. अंडरटेकर मानेवरच कोसळतो की काय, असा तो क्षण होता. वर सांगितलेली जामीनकी बुडते ती अशी. त्या सामन्याला हसणारे पुष्कळ भेटले; मला मात्र दोन कुटुंबे डोळ्यांसमोर दिसत होती.

मग हे लोक का परततात? टाळ्यांचे व्यसन हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. या व्यवसायातील मल्ल कंपनीचा नोकर मानला जात नाही. करारनाम्यात तो स्वतंत्र कंत्राटदार असतो, आणि म्हणून निवृत्तिवेतन, नोकरदाराला मिळणारी हक्काची वैद्यकीय तरतूद, यांपैकी काही त्याच्या पदरी नसते. 1986 साली जेसी व्हेंचुराने सहकाऱ्यांची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. तो वार्ता मालकांपर्यंत पोचताच विरला, आणि आजही संघटना नाही. व्यसनमुक्तीचा खर्च कंपनी 2007 पासून जुन्या मल्लांसाठी उचलते, ही गोष्ट तिच्या जमेच्या बाजूला मांडलीच पाहिजे. पण मोडलेल्या कंबरेला दरमहा काही मिळावे अशी व्यवस्था ज्या धंद्यात नाही, त्यात म्हाताऱ्याला मोठी बिदागी देऊन एका रात्रीसाठी बोलावणे फार सोपे असते.

आणि बोलावणाऱ्यांची गरजही असते. 2018 पासून सौदी अरेबियाशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारामुळे जुन्या, जगाला ठाऊक असलेल्या नावांना नवा भाव आला. त्यात वावगे नाही. वावगे घडते ते ही नावे पाठ न टेकता परत जातात तेव्हा. फेब्रुवारी 2020 मध्ये रियाध येथे त्रेपन्न वर्षांच्या गोल्डबर्गने ब्रे वायटला सुमारे तीन मिनिटांत पाडून जागतिक पट्टा घेतला. वायट हा त्या काळातील सर्वांत कल्पक मल्ल होता. भीषण मुखवट्याच्या आडून त्याने वर्षभराच्या आत जे पात्र उभे केले होते, ते एका सायंकाळी मोडून टाकण्यात आले. 2023 च्या ऑगस्टमध्ये वायट छत्तिसाव्या वर्षी वारला. त्या तीन मिनिटांची भरपाई आता कोणालाही करता येणार नाही, आणि या कुस्तीवर इतकी वर्षे जीव लावलेल्या माझ्यासारख्याच्या मनातला तो सल आहे. 2025 च्या जुलैत अटलांटामध्ये गोल्डबर्ग अखेरचा खेळला आणि गुंथरकडून हरून गेला, हे येथे नोंदवणे न्याय्य होईल.

रिक फ्लेअरबद्दल लिहिताना माझी लेखणी अडखळते. 1975 च्या विमान अपघातात पाठीचा मणका तीन ठिकाणी मोडूनही जो परत उभा राहिला, ज्याच्याइतका हरण्यातही देखणा मल्ल झाला नाही, तो 30 मार्च 2008 रोजी एकोणसाठाव्या वर्षी शॉन मायकल्सकडून हरून निवृत्त झाला. अखेरची लाथ मारण्यापूर्वी मायकल्सच्या ओठांवर क्षमायाचना आणि प्रेमाचे शब्द होते, आणि समोर फ्लेअर साश्रू नयनांनी मुठी वळून उभा होता. तो क्षण पवित्र होता. दोन वर्षांतच फ्लेअर दुसऱ्या कंपनीत पुन्हा खेळू लागला. आणि जुलै 2022 मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, हृदयाला गती देणारे यंत्र छातीत असताना, नॅशव्हिलमध्ये पुन्हा ‘शेवटची’ कुस्ती खेळला. तीत दोनदा आपली शुद्ध हरपली असे त्यानेच नंतर सांगितले. मला तो सामना शेवटपर्यंत पाहवला नाही.

पाठ टेकून जाण्याचा शिरस्ता हाच एक मार्ग आहे असे म्हणू पाहतो, तोच स्टिंग आठवतो आणि मला माझेच म्हणणे तपासावे लागते. 1988 च्या मार्च महिन्यात ग्रीन्सबरो येथे फ्लेअरने या रंगवलेल्या चेहऱ्याच्या कोवळ्या मल्लाशी पंचेचाळीस मिनिटे बरोबरीची कुस्ती खेळून त्याला एका रात्रीत मोठे केले. छत्तीस वर्षांनी, 3 मार्च 2024 रोजी, पासष्टी गाठायला दोन-अडीच आठवडे उरले असताना, स्टिंग त्याच ग्रीन्सबरोत अखेरचा खेळला, आणि तो हरला नाही. परंतु तीन वर्षे त्याच्या बाजूला डार्बी अॅलिन हा तरुण जोडीदार होता. प्रत्येक सामन्यात म्हाताऱ्याच्या वाट्याचे धोके त्याने आपल्या अंगावर घेतले होते, आणि त्या रात्री तर उंच शिडीवरून काचेवर झेप घेऊन त्याची पाठ रक्तबंबाळ झाली. स्टिंगने आपली कीर्ती त्याला हरून दिली नाही, शेजारी उभे करून दिली. दानाची रीत निराळी, दान तेच. त्या रात्री वृद्ध फ्लेअरही रिंगजवळ हजर होता.

पुतण्याला हे सारे सांगून झाल्यावर त्याने एक प्रश्न विचारला: सीना जो पाय मुडपून चेहरा मागे ओढण्याचा पेच टाकायचा, तो त्याने कोणाकडून घेतला? प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तराने मला मुंबईत आणून सोडले. त्या पेचाला एसटीएफ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला पालथा पाडून त्याचा पाय आपल्या मांड्यांत अडकवायचा आणि पाठीवर पडून दोन्ही हातांनी त्याचा चेहरा मागे खेचायचा. तो पेच प्रचारात आणला लू थेझने. 1937 साली एकविसाव्या वर्षी जगज्जेता झालेल्या या मल्लाचे खऱ्या कुस्तीतले ज्ञान असे होते की, ठरलेल्या निकालाबाहेर जाऊन त्याच्याशी गैर करू पाहणाऱ्याची धडगत नसे. हाच थेझ 1968 साली, बावन्न वर्षांचा असताना, मुंबईत आला आणि दारासिंगाकडून हरून गेला. आमच्या घरी वडीलधारी मंडळी त्या विजयाचे वर्णन करीत तेव्हा मला थेझ हा नुसता पराभूत गोरा वाटे. त्याने दारासिंगाला, आणि त्या काळी दारासिंगावर जीव टाकणाऱ्या सबंध देशाला, काय देऊ केले होते हे समजण्याचे माझे वय नव्हते.

थेझ त्यानंतरही बावीस वर्षे अधूनमधून रिंगमध्ये उतरत राहिला. 26 डिसेंबर 1990 रोजी जपानमधील हामामात्सू शहरात, कृत्रिम खुबा बसवलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा अखेरचा खेळला तो आपल्याच पठ्ठ्याशी, मासाहिरो चोनोशी. चोनोला एसटीएफ शिकवला होता तो थेझनेच. सामना फार वेळ चालला नाही. चोनोने गुरूला पालथे केले, त्याचा पाय हळुवारपणे मांड्यांत घेतला, चेहऱ्याभोवती हात गुंफले, आणि थेझ आपल्याच पेचात हरला.